गोंडोला वर नेऊन सोडतो, खाली यायचं आपलं आपल्याला

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं : या वेळी बर्फ आणि स्की

मागच्या अंकात "हिवाळ्यात हिमालयात जायचा विचार असेल तर विचारा" एवढी एक ओळ काय टाकली, पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज थांबायलाच तयार नाहीत. नागपूरला बर्फाचं एवढं वेड असेल असं वाटलं नव्हतं बाप्पा, आपल्याकडे बर्फ म्हणजे उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवरचा. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून निवडक घेतलेत, आणि नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आम्ही चार मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला चाललो. इंस्टावर बॅककंट्री स्कीईंगचे रील पाहून पाहून डोकं फिरलंय, ते मोकळ्या, पावडरसारख्या बर्फातून खाली येतात नं, तेच करायचं आहे. एकानं मनालीला बेसिक कोर्स केलेला आहे, बाकी आम्ही तिघं तिथंच दोन-तीन दिवसांत शिकून घेऊ, फिट आहोत सगळे, रोज जिम आहे. गाईड लय पैसे मागतो म्हणतात, घ्यायलाच पाहिजे का? — एक इंजिनिअर, प्रतापनगर

उत्तर : अरे बाबा, गाईडच्या पैशाचं नंतर पाहू, आधी हे पाहू की तुम्ही चाललात कुठं. बॅककंट्री म्हणजे जिथं उतार कोणी मशीननं सारखा केलेला नाही, दोऱ्या-झेंडे लावलेले नाहीत, आणि घसरण्याआधी हा डोंगर आज धरून राहील का हे कोणी तपासलेलं नाही असा सगळा इलाका. युरोपात अशा जागी जायला बहुतेक वेळा स्कीला खालून स्किन, म्हणजे मागं घसरू न देणारी पट्टी, चिकटवून दोन-चार तास वर चढावं लागतं, त्या चढण्यातच निम्मे हौशी गळून पडतात आणि उरलेल्यांना डोंगर पाहायला वेळ मिळतो. गुलमर्गची गोष्टच वेगळी आहे. गाव साधारण २,६५० मीटरवर, तिथून गोंडोलाचा, म्हणजे बंद केबिनच्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो आणि दुसरा टप्पा, जो २००५ मध्ये सुरू झाला, तो अफरवत डोंगराच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. तिकीट काढलं, बसलात, उतरलात. मधला जो भाग स्की पेट्रोलवाले, म्हणजे उतारावर गस्त घालणारे, तपासून उघडतात तो सोडला तर डावीकडे-उजवीकडे थोडं आडवं गेलं की झालं, तुम्ही बॅककंट्रीत. वर जायला दम लागत नाही की कोणी परीक्षा घेत नाही, आणि माझ्या मते गुलमर्गचा खरा धोका हाच आहे, डोंगर तर सगळीकडेच धोक्याचा असतो.

१ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवतवर हिमस्खलन झालं, पोलंडचे दोन स्कीअर गेले आणि १९ परदेशी लोकांना वाचवून आणावं लागलं. वर्षभरानं २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्याच खिलनमर्गच्या बाजूला पुन्हा तेच, एक रशियन स्कीअर गेला. हे लोक काही कालपरवा स्की शिकलेले नव्हते.

आता हे होतं कसं ते नीट वाच, कारण रीलमध्ये हे येत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळसा बर्फ पडतो, मग बरेच दिवस आकाश मोकळं आणि कडक थंडी. बर्फाखाली जमिनीजवळ तापमान शून्याच्या आसपास, वरच्या पृष्ठभागावर उणे दहा-पंधरा, या फरकामुळे आतली वाफ खालून वर सरकत राहते आणि खालच्या थरातले कण मोठे, कोरडे, सुटे सुटे होतात, डब्यातल्या जाड साखरेसारखे, मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. मग एक दिवस जोराचा बर्फ येतो, दोन-तीन फूट, वारा त्याला एका बाजूला नेऊन दाबून बसवतो आणि त्या सुट्या थरावर घट्ट फळी तयार होते. वरून दिसतं एकदम मस्त. कोणीतरी त्यावर जातं, खालचा थर बसतो, भेग क्षणात लांबपर्यंत धावते आणि अख्खी फळी सुटते, बहुतेकदा माणूस तिच्या मधोमध असतो. असल्या फळ्या जास्त करून ३० ते ४५ अंशाच्या उतारावर सुटतात, आणि नेमका तोच उतार स्की करायला सगळ्यात मजेचा असतो, आता बोला. जगभरातल्या अपघातांमध्ये दहापैकी साधारण नऊ वेळा ती फळी सापडलेल्या माणसानं स्वतः किंवा त्याच्याच सोबत्यानं सोडवलेली असते. म्हणजे नशिबाला बोल लावायची सोय नाही, तुम्ही कोणत्या उतारावर पाय ठेवता त्यावर बरंच आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तुमच्यापैकी तिघांनी या वर्षी बॅककंट्रीचं नाव काढायचं नाही. दोन-तीन दिवसांत माणूस सपाटीवर थांबायला शिकतो, तेही जमलं तर. पाठीवर बॅग घेऊन, गुडघाभर सैल बर्फात, पाहिजे तिथं वळता आणि पाहिजे तिथं थांबता येणं ही किमान पात्रता आहे आणि ती यायला एक-दोन सीझन जातात. जिमचा उपयोग मांड्यांना होतो, निर्णयाला नाही. खालच्या उतारावर शिका, पहिला टप्पा करा, कोंगडोरीला बसून कहवा प्या, लय मजा येते. आणि ज्यानं कोर्स केलाय त्याला एकट्याला वर पाठवू नका, तो तर तुमच्यापेक्षा जास्त धोक्यात आहे कारण त्याला थोडं येतं.

गाईडबद्दल म्हणशील तर पुढं कधी खरंच गेलात तर घ्यायचाच, आणि स्वस्तातला पाहून नाही. त्याला विचार की आज कोणत्या बाजूला वाऱ्यानं बर्फ जमा केलाय, डीजीआरईच्या बुलेटिनमध्ये आज धोक्याची काय लेव्हल आहे. डीजीआरई म्हणजे डीआरडीओची संस्था, आधी चंदीगडची सासे होती तीच, हिमस्खलनाचे इशारे तीच काढते. या प्रश्नांवर जो गाईड "कुछ नहीं होता सर, चलो" म्हणेल त्याला हात जोडून नमस्कार करा. आणि जो सकाळी वर जाऊन पाहून म्हणेल की आज नाही, तो पैसे वसूल गाईड आहे, त्याच्याशी घासाघीस करत बसू नका.

प्रश्न : स्कीचं सामान भाड्यानं मिळतं पण तो बीकन म्हणतात तो फार महाग आहे. मोबाईलमध्ये लोकेशनचं अ‍ॅप असतंच की, त्यानं काम नाही का होत? — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : नाही होत. बीकन म्हणजे बर्फाखाली दबलेल्याला शोधायला प्रत्येकानं अंगावर बांधायचं छोटं यंत्र. तो ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतो, तो बर्फातून आरपार येतो, आणि सगळ्या कंपन्यांचे बीकन एकमेकांना ऐकू शकतात. मोबाईलला टॉवर लागतो, सॅटेलाइट लागतं, आणि माणूस कुठं आहे हे तो काही मीटर इकडंतिकडं सांगतो. बर्फाखाली काही मीटर म्हणजे किती खणायचं याचा हिशोब करून पाहा, थांबलेला हिमस्खलनाचा बर्फ भुसभुशीत राहत नाही, घट्ट बसतो, एका घनमीटरचं वजन तीनशे-चारशे किलो सहज असतं. दबलेल्या माणसाकडे दहा-पंधरा मिनिटं असतात, त्यानंतर वाचायची शक्यता झपाट्यानं खाली येते कारण बहुतेक लोक गुदमरून जातात. म्हणून बाहेरून मदत येईपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो, वाचवणार ते सोबतचेच. त्यासाठी बीकन, प्रोब म्हणजे ती घडीची लांब काडी, आणि धातूचं फावडं, हे तिन्ही प्रत्येकाकडे पाहिजे. चौघांत एक सेट नेला आणि ज्याच्याकडे तो आहे तोच खाली गेला तर?

एक उलट गोष्ट, मोबाईल बीकनच्या जवळ ठेवला तर तो शोधण्यात अडथळा आणतो. सिग्नल पाठवत असताना किमान २० सेंटिमीटर आणि शोधत असताना ५० सेंटिमीटर लांब ठेवायचा असं सांगतात, आणि शोधताना तर बंदच केलेला बरा.

भाड्यानं मिळतो गुलमर्गला, पण हातात पहिल्यांदा तिथंच घेतला तर उपयोग शून्य. कोणाकडून आणून इथंच सराव करा. एकानं चालू बीकन पिशवीत टाकून अंबाझरी गार्डनच्या पाल्याखाली लपवायचा, दुसऱ्यानं घड्याळ लावून शोधायचा. वॉकवाले काका थांबून विचारतील काय हरवलं, सांगा त्यांना.

प्रश्न : माझी मुलगी २१ वर्षांची आहे, मनालीच्या सरकारी संस्थेतून स्कीचा कोर्स करते म्हणतेय. नागपूरच्या पोरीला तिथली थंडी झेपेल का हो? कपडे काय काय घेऊन द्यायचे? तिचे बाबा नाही म्हणताहेत, मी अर्धी हो आहे. — एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, उरलेली अर्धी पण हो म्हणून टाका. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि गुलमर्गची आयआयएसएम ही स्की आणि पर्वतारोहणाची संस्था, दोन्ही सरकारी, दोन्ही जुन्या. शिकवणारे इन्स्ट्रक्टर शिस्तीचे, राहणं-खाणं तिथंच, बेसिक कोर्सला मुलं मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावरच असतात, वर कुठं बॅककंट्रीत नेत नाहीत. वरच्या पत्रातल्या पोट्ट्यांपेक्षा तुमची मुलगी शंभर पटीनं योग्य रस्त्यानं चाललीय, हे तिच्या बाबांना वाचून दाखवा.

थंडीचं म्हणाल तर २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश झालं होतं, आठवत असेल, तेव्हा आपण सगळे घरात बसून कुडकुडत होतो कारण आपली घरं आणि आपले कपडे थंडीचे नाहीतच. तिथं अंगात नीट थर असले आणि माणूस हलत असला तर उलट घाम येतो, आणि घामच शत्रू. म्हणून अंगाला लागून कॉटन नको, बनियन, टी-शर्ट, जीन्स काहीच नको, ओलं झालं की वाळत नाही आणि मग हाडं गोठतात. आतून सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचं, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. दरवर्षी थंडीत आपल्याकडे तिबेटी स्वेटरवाले बसतात त्यांच्याकडून टोपी, मफलर, साधी फ्लीस घ्या, छान असतात, पण वरचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि हातमोजे चांगल्या दुकानातून. मोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक घालून पाठवू नका, हे सगळ्या आया करतात, स्की बूट आधीच आवळ असतो, दोन मोजे घातले की रक्त पोचत नाही आणि पाय जास्त गार पडतो. एकच लांब मोजा, पोटरीपर्यंतचा.

गॉगल मात्र भारी द्या. दर हजार मीटरला यूव्ही दहा-बारा टक्क्यांनी वाढतं आणि ताजा बर्फ त्यातलं ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूला पण लावायचं, नाही तर पोरगी परत येईल ती सोललेलं नाक घेऊन. उन्हानं डोळे भाजले तर रात्रभर वाळू गेल्यासारखे खुपतात. फोनचं एक, पुढं कधी ती काश्मीरला गेली तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड चालतं. मनालीला हा त्रास नाही.

प्रश्न : नमस्कार. मी काटोलकडचा संत्रा बागायतदार. टीव्हीवर काश्मिरात बर्फ पडला की दोन-चार दिवसांत इकडे एक तर गारठा वाढतो नाही तर गारपीट होते. याचा काही संबंध आहे की आपला भ्रम? — एक शेतकरी

उत्तर : दादा, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र आवडलं. भ्रम अजिबात नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून कमी दाबाचे पट्टे वरच्या वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान करत पूर्वेकडे येतात, हवामानवाले ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात ते हेच. ते हिमालयाला अडले की काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ. गुलमर्गचा सगळा स्कीचा धंदा या पाहुण्यांवर चालतो, मॉन्सूनशी त्याचा काही संबंध नाही. पट्टा पुढं सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे गार वारे खाली उतरतात, मध्य प्रदेश ओलांडून आपल्याकडे, आणि आपला पारा पडतो. पण कधी कधी तो पट्टा खोल दक्षिणेला येतो आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारे विदर्भात आलेले असतात, खाली दमट, वर एकदम गार, मग ढग उंच चढतात आणि गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याकडे तेव्हा आंबिया बहाराचा फुलोरा असतो आणि मृगाचा माल झाडावर तोडणीला, म्हणजे दोन्ही बहार एकाच वेळी सापडतात. तिकडं स्कीवाले ज्या अंदाजाकडे डोळे लावून बसतात त्याच अंदाजावर तुम्ही पण लक्ष ठेवा, काश्मीरसाठी जोराच्या विक्षोभाचा इशारा आला की विदर्भाचा पुढच्या तीन-चार दिवसांचा अंदाज रोज पाहायचा. दर वेळी गारा येतील असं नाही, पण तोडणीचा माल उतरवून घ्यायला तेवढा वेळ मिळतो.

प्रश्न : मी ६४, सौ. ६०. बीपीची गोळी चालू आहे. मुलानं गोंडोलाच्या दोन्ही टप्प्यांचं तिकीट काढून दिलंय. जावं का वर? — लक्ष्मीनगरचे एक काका

उत्तर : काका, आधी डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. नागपूर ३१० मीटरवर, दुसऱ्या टप्प्याचं टोक जवळपास चार हजारावर, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. विमानानं सकाळी श्रीनगर आणि दुपारी थेट टोकावर असं करू नका. दोन रात्री गुलमर्गला झोपा, पाणी प्या, मग पहिला टप्पा, तिथं डोकं दुखत नसेल, मळमळत नसेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर दुसरा, तोही अर्ध्या-पाऊण तासासाठी. वर त्रास वाटला तर औषध शोधत बसायचं नाही, लगेच खाली जाणाऱ्या केबिनमध्ये बसायचं. दुसरा टप्पा वाऱ्यामुळं वारंवार बंद असतो, बंद निघाला तर मुलाच्या पैशाचं वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : इकडं विदर्भात काय चाललंय आणि तुम्ही श्रीमंतांचे चोचले छापता. स्की हा काय आपला खेळ आहे का? — एक नाराज वाचक, इंदोरा

उत्तर : महाग आहे, हे खरं, बूट-स्की स्वतःचे घ्यायचे म्हटले तर तोंडाला फेस येतो. पण आपला नाही हे काही पटत नाही. २०२२ च्या बीजिंग विंटर ऑलिम्पिकला भारताकडून एकटा खेळाडू गेला होता, आरिफ खान, हा गुलमर्गच्या पायथ्याच्या टनमर्गचा, जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, ४५ वा आला. मनालीच्या आंचल ठाकूरनं २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्य आणलं, स्कीमधलं देशाचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. तिकडच्या गावातली पोरं लाकडाच्या फळ्या पायाला बांधून शिकतात, त्यांना चोचले म्हणून पाहा. सरकारी कोर्सची फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते आणि सामान त्यातच मिळतं. बाकी विदर्भाचे प्रश्न याच मासिकात दर अंकात असतात भाऊ, चार पानं बर्फाला दिली तर ते कमी होत नाहीत.

प्रश्न : नागपुरात राहून स्कीची तयारी कशी करायची, इथं तर चढच नाही. — एक विद्यार्थिनी, रामदासपेठ

उत्तर : आहे नं चढ, सेमिनरी हिल्स आहे, सुट्टीच्या दिवशी रामटेकच्या पायऱ्या आहेत, पचमढीला गेलीस तर चौरागड. चढण्यापेक्षा सावकाश उतरण्यावर भर दे, स्कीमध्ये मांड्या सगळ्यात आधी पेटतात त्या उतरताना. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचं, एका पायावर तोल धरायचा, आणि रोलर स्केट किंवा इनलाइन येत असेल तर अर्धं काम झालं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं तिथंच कळतं. पडायला पण शिक, बाजूला पडायचं, मागं नाही.

प्रश्न : नेमकं कधी जावं? बुकिंग आत्ताच करून टाकू का? — बरेच जण

उत्तर : काश्मीरची पोथी अशी, २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान म्हणजे सगळ्यात कडाक्याची थंडी, मग २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा. पूर्वी पहिल्या चाळीसातच बर्फ भरून जायचा आणि जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा स्कीचा हुकमी काळ. आता हुकमी काही राहिलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं मैदान तपकिरी गवताचं दिसत होतं, बर्फ महिन्याच्या अगदी शेवटी आला. २०२५ ला बर्फ कमी म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. आणि वर सांगितलं तसं, लांबलेल्या कोरड्या थंडीनंतर एकदम आलेला मोठा बर्फ हाच बॅककंट्रीसाठी सगळ्यात वाईट, म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांना धावत सुटावंसं वाटतं तेच दोन-तीन दिवस वरच्या उतारांपासून लांब राहायचे असतात.

म्हणून सहा दिवसांची ट्रिप असेल तर आठची करा आणि हॉटेल असं घ्या की तारीख बदलता येईल. विमानापेक्षा रेल्वे पाहिजे असेल तर नागपूरवरून हिमसागर किंवा अंदमान एक्सप्रेसनं कटरा, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झाली आहे, जम्मूचा घाट बंद पडला म्हणून अडकून बसायची भानगड बरीच कमी झाली. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर, त्यातले टनमर्गपासूनचे शेवटचे १३ चढाचे, ताजा बर्फ असला की तिथं साधी टॅक्सी सोडत नाहीत, चाकाला चेन लावलेली गाडी नाही तर फोर बाय फोर करावी लागते, ते भाडं वेगळं धरा आणि गाडीत बसायच्या आधी ठरवा.